माणूस बदलला, गोल तोच राहिला : आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारी मंडळाला आणि मुख्य प्रशिक्षकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद आणि मुख्य प्रशिक्षक सर,

स.न.वि.वि.

उपांत्य सामना हरल्याच्या तिसऱ्या दिवशी क्लबच्या फलकावर एक कागद लागला. त्यात दोन ठराव आहेत. पहिला असा की 'वारंवार होणाऱ्या अक्षम्य चुकांमुळे' गोलकीपर, डावा स्टॉपर (गोलसमोरचा मधला बचावपटू) आणि मधला हाफ (बचाव आणि आघाडी यांच्यामधला खेळाडू) या तिघांना उरलेल्या हंगामासाठी संघातून वगळण्यात येत आहे. दुसरा, मुख्य प्रशिक्षकांना दोन वर्षांची मुदतवाढ. एकाच बैठकीतले ठराव, एकाच सहीचे, एकाखाली एक. तो कागद मी उभ्याउभ्या तीनदा वाचला, घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

पत्र जाहीर लिहितोय, कारण कागद जाहीर लागला. तिघांची नावं येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचली. गोलकीपर सतरा वर्षांचा आहे, हाफ एकोणीसचा. त्यांची नावं मी इथे पुन्हा लिहिणार नाही आणि क्लबचंही लिहिणार नाही. साताऱ्यात फुटबॉल बघणारी माणसं अशी किती आहेत? ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

माझा संबंध आधी सांगतो. या क्लबकडून मी स्टॉपर म्हणून खेळलो, वयाची तिशी उलटेपर्यंत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो, आणि नोकरीची बरीच वर्षं जावळी तालुक्यात गेली. हा गोलकीपर माझ्या शाळेतला. पाचवीत असताना मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीवर चेंडू फेकून परत येणारा झेलत बसायचा, एकटाच. पुढे त्याच्या आईला मी सांगितलं, 'पोराला साताऱ्याला पाठवा, तिथल्या लोकांवर माझा भरवसा आहे.' चार वर्षं तो मेढ्याहून पहाटेच्या एसटीनं सरावाला येतोय. पावसाळ्यात गाडी चुकली तर दुधाच्या टेम्पोत बसून आलाय. त्या माउलीला शब्द मी दिला होता. तेव्हा हे लिहिण्याची जबाबदारीही माझीच.

ज्या गोलामुळे हे सगळं झालं तो आपण खेळाडूंच्या खात्यावर टाकलात. तो जरा उलगडून पाहू.

आपली गोल किक, म्हणजे समोरच्यांनी चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर घालवल्यावर आपण मारायची किक. दोन्ही स्टॉपर पेनल्टी बॉक्सच्या आत, कीपरच्या डाव्या-उजव्या हाताला. मधला हाफ बॉक्सच्या टोकाशी, तोंड आपल्या गोलकडे आणि पाठ समोरच्या संघाकडे. त्यांचा फॉरवर्ड उजव्या स्टॉपरची वाट अडवत वळसा घालून येतो, म्हणून कीपर डावीकडे देतो. डाव्या स्टॉपरच्या पायात चेंडू येईपर्यंत बाहेरची बाजू त्यांच्या विंगरनं, म्हणजे कडेनं खेळणाऱ्यानं, बंद केलेली असते. त्याला एकच पास दिसतो, आतला, हाफकडे. हाफच्या पाठीला माणूस चिकटलेला. चेंडू पोचतो, हाफ वळायच्या आत मागून पाय येतो, आणि पुढे कीपर एकटा.

हा गोल आपण या हंगामात तीनदा खाल्ला. माझ्या वहीत तिन्हींच्या आकृत्या आहेत. निवृत्त मास्तराची सवय म्हणा, पण गेली कित्येक वर्षं आपल्यावर झालेला प्रत्येक गोल मी काढून ठेवतो. त्या तीन आकृत्या एकीवर एक ठेवल्या तर रेघा जुळतात. तीन वेगवेगळे संघ, एकच गोल. आणि एक गोष्ट मंडळानं नीट वाचावी: पहिल्या वेळी डाव्या बाजूला स्टॉपर दुसराच होता. माणूस बदलला, गोल तोच राहिला. उपांत्य सामन्यात तर समोरच्या बेंचवरून 'आत ढकला, आत ढकला' अशी हाक सुरू होती आणि ती माझ्यासारख्या कठड्यावर बसलेल्याला ऐकू येत होती. त्यांच्या कोचला आपली चूक पाठ होती. आपल्या कोचला ती सापडली नव्हती, किंवा सापडून त्यांनी काही केलं नव्हतं.

एक खेळाडू एकदा चुकला तर ती त्याची चूक. तोच खेळाडू तिथेच पुन्हा चुकला तर दोघांची. आणि वेगवेगळी माणसं त्याच जागी, त्याच पासवर, तशीच चुकत असतील, तर ती चूक खेळाडूची उरत नाही. ती आखणीत आहे. आखणी करणारे आपण आहात, सर.

हे काही नवं शास्त्र नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही तालमीत जाऊन विचारा. पठ्ठा एकेरी पटावर, म्हणजे एक पाय ओढून पाडायच्या डावावर, एकदा पडला तर लोक म्हणतात, पोरगं गाफील राहिलं. दुसऱ्या मैदानात पुन्हा एकेरी पटावरच पडला, की लोक पोराकडे बघत नाहीत, विचारतात, वस्ताद कोण? आणि वस्ताद मान खाली घालून पोराला पहाटे आखाड्यात उभा करतो, हजार वेळा तोच पट काढायला लावतो. लालमाती अंगाला लावलेल्या माणसांना जे कळतं ते जर्सी आणि शिट्टी घेतलेल्यांना कळू नये, याचं मला वाईट वाटतं.

मी स्वतः अशाच चुकीतून गेलोय. १९९२ साली नियम बदलला. आपल्याच माणसानं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू कीपरनं हातात घ्यायचा नाही. तोवर आम्ही बॅक लोक अडचणीत आलो की डोळे मिटून कीपरकडे द्यायचो, आणि तो उचलून घ्यायचा. नियम आमच्यापर्यंत पोचला, सवय गेली नाही. त्याच काळातल्या एका अंतिम सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत मी मागे दिला, आमच्या कीपरनं उचलला, समोरच्यांना बॉक्सच्या आत इनडायरेक्ट फ्री किक मिळाली आणि आम्ही हरलो. त्याआधी साखळीत हेच एकदा झालं होतं, नुसतं नशिबानं गोल वाचला होता. सामना संपल्यावर लोक माझ्या अंगावर धावून आले. तेव्हा आमचे कोच, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मधे उभे राहिले. म्हणाले, 'नियम बदलला आणि मी पोरांना नवा सराव दिला नाही. शिव्या मला द्या.' सगळ्यांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर आम्ही बॅकपास पायानं मारण्याशिवाय दुसरं काही केलं नाही. त्या एका वाक्यामुळे मी खेळत राहिलो. अण्णांकडे कसलंच लायसन्स नव्हतं. ते आज असते तर हे पत्र त्यांनी लिहिलं असतं.

आता तक्रारी.

पहिली आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी तक्रार सरावाची. २०१९ च्या जूनपासून गोल किकचा नियम बदलला. आधी चेंडू पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात येत नसे; आता किक बसून हलला की खेळात, त्यामुळे आपला माणूस बॉक्सच्या आतच पास घेऊ शकतो. तेव्हापासून जगभर मागून खेळ रचायची पद्धत वाढली. सरांनी ती आणली, चांगलं केलं. मला जुनं उधळून लांब मारण्याचं फुटबॉल परत नको आहे. पण ही पद्धत पोरांच्या अंगात उतरवायची तर ती दबावाखाली उतरवावी लागते. मी मार्चपासून आठवड्यातून दोनदा सराव बघायला येतोय. कीपर ते स्टॉपर, स्टॉपर ते हाफ, हा पास मी शेकडो वेळा पाहिला, आणि प्रत्येक वेळी समोर होते प्लास्टिकचे कोन. कोन धावून येत नाही. कोन पाठीवर चढत नाही. हाफनं चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघावं, अंग अर्धं वळवून घ्यावं, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढे निघता येतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, 'काका, सर म्हणतात पास लवकर द्या.' लवकर द्या ही सूचना झाली. कुणाला, केव्हा, आणि तो झाकलेला असेल तर काय, हे शिकवणं झालं.

त्यात आपलं मैदान. मुरमाचं, टणक, डाव्या बॉक्सजवळ तर पावसाच्या पाण्यानं चर पडलेला. बारा यार्डांचा पास तिथे दोनदा उसळी घेतो. युरोपातली पोरं गालिच्यावर हे खेळतात. ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव आपल्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीत घडलेला हा पैलवान गादीवर उतरला, गादी नवी, नियम नवे, आणि सहावा आला. नव्या जमिनीवर नवी कुस्ती लागते हे ओळखून चार वर्षं मेहनत झाली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आलं. आपण उलटं करतोय. गादीवरची कुस्ती मुरमावर आणली आणि गुडघे फुटल्यावर पोरांना विचारतोय, पडलास का?

दुसरी तक्रार. दुसरी वाट ठेवलीच नाही. हे मी जबाबदारीनं लिहितोय, कारण दोन खेळाडूंनी मला वेगवेगळं सांगितलं: दुसऱ्यांदा तो गोल झाल्यावर कीपरनं विचारलं होतं की समोरचे तीन जण वर चढून आले तर लांब मारू का. उत्तर मिळालं, 'लांब मारलास तर बाहेर बसशील.' पोरानं सांगितलेलं ऐकलं. आज तो बाहेरच बसलाय.

आपल्या पद्धतीवर ठाम राहणं हा गुण आहे, मला मान्य आहे. पण ठाम राहायचं असेल तर त्याची किंमत कोचनं मोजायची असते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे रोज घडतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे कोच रसेल मार्टिन याच पद्धतीनं खेळत संघाला २०२४ ला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, घेऊन आले. वरच्या पातळीवर आपल्याच बॉक्ससमोर चेंडू गमावून गोलावर गोल बसले, तरी पद्धत बदलली नाही. सोळा सामन्यांत पाच गुण. १५ डिसेंबर २०२४ ला टॉटनहॅमनं पहिल्या अर्ध्यातच पाच गोल केले आणि त्याच रात्री मार्टिन यांना काढलं. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घाला, पण तिथे कुणी तीन पोरांची नावं फलकावर लावून कोचला मुदतवाढ दिली नाही.

उलट उदाहरणही देतो, कारण मी कोचला काढा म्हणायला आलेलो नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्याच बर्न्ली क्लबचा कीपर मुरिच लागोपाठ दोन सामन्यांत चुकला. एव्हर्टनविरुद्ध त्यानं मारलेला चेंडू काल्व्हर्ट-लुइनच्या पायाला लागून गोलमध्ये गेला. पुढच्या आठवड्यात ब्रायटनविरुद्ध सहकाऱ्यानं दिलेला साधा बॅकपास त्याच्या पायाखालून निसटून आत गेला. संघ खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या काठावर, एकेक गुण सोन्याचा. कोच व्हिन्सेंट कोंपनी यांनी त्याला बसवलं नाही. पुढच्या सामन्यात तोच कीपर उभा राहिला आणि शेफील्ड युनायटेडला ४-१ हरवलं. बर्न्ली शेवटी खाली गेलीच. पण कोंपनी महिन्याभरात बायर्न म्युनिकचे कोच झाले आणि पुढच्या हंगामात जर्मनीची लीग जिंकले. पोरांच्या मागे उभं राहिल्यानं कोचची किंमत घटत नाही, हे मंडळाला पटावं म्हणून सांगितलं.

आणि मँचेस्टर युनायटेड. ऑगस्ट २०२२, ब्रेंटफर्डकडून ४-० हार. त्यातला एक गोल तर आपल्याच गोलची झेरॉक्स: कीपर द हेआनं बॉक्ससमोर पाठमोऱ्या एरिक्सनला दिला, मागून माणूस आला, गोल. समोरचा संघ युनायटेडपेक्षा तेरा-चौदा किलोमीटर जास्त धावला म्हणून कोच टेन हाग यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तेवढं पळवलं. पण ते स्वतः त्यांच्याबरोबर पळाले. आणि पुढच्या सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध कीपरला लांब मारायची मोकळीक होती. २-१ जिंकले. शिक्षा वाटून घेतली आणि आखणीही बदलली, दोन्ही. सर, आपण यातलं एक तरी करू शकला असता.

तिसरी तक्रार, सगळ्यांसमोर केलेल्या अपमानाची. तिसरा गोल झाल्यावर हाफला आपण तिथेच बाहेर बोलावलंत. तो चालत येत असताना आपण दोन्ही हात वर करून प्रेक्षकांकडे पाहिलंत, 'मी काय करू' अशा अर्थानं. मी तिथे होतो. तो पोरगा बेंचवर न बसता सरळ कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि सामना संपेपर्यंत बाहेर आला नाही. त्यानंतरच्या वीस मिनिटांत आपल्या एकाही खेळाडूनं मधे पास मागितला नाही. सगळे कडेला उभे. पुढचा हात आपल्यासाठी वर होईल ही भीती त्यांच्या पायात उतरली होती.

अशा भीतीचं काय होतं याचं उदाहरण फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात वर आहे. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना मैदान, विश्वचषकातला ब्राझील-उरुग्वे शेवटचा सामना. ब्राझीलला विश्वविजेता व्हायला नुसती बरोबरी पुरत होती आणि एक गोलची आघाडीही होती. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेचा गिग्गिया उजव्या कडेनं बिगोदेला चुकवून आत गेला, पास दिला, स्कियाफिनोनं गोल केला. तेरा मिनिटांनी गिग्गिया पुन्हा त्याच कडेनं, पुन्हा बिगोदेलाच मागे टाकून आत आला. कीपर बार्बोसाला वाटलं मघासारखाच पास देणार, तो अर्धं पाऊल पुढे सरकला, आणि चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून गेला. उरुग्वे २-१. पहिल्या गोलनंतर ती डावी बाजू झाकायला मधला एखादा माणूस तिकडे सरकवला असता तर? तेव्हा बदली खेळाडू घेता येत नव्हता, पण आहे त्याची जागा बदलता येत होती. तेरा मिनिटं हाताशी होती. देशानं दोष दिला बार्बोसाला, बिगोदेला आणि जुवेनालला, तिघेही काळे. कोच फ्लाव्हियो कोस्टा यांच्याकडे पुढे ब्राझीलनं पुन्हा संघ सोपवला. बार्बोसा मात्र त्या एका दुपारचा डाग घेऊन २००० साली गेला. मरायच्या थोडं आधी तो म्हणाला होता की ब्राझीलमध्ये सगळ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी पन्नास भोगली.

आपल्या फलकावरचा कागद छोट्या गावातला आहे. पण पोराला पन्नास वर्षं पुरायला छोटं गाव जास्त सोयीचं असतं. उद्या तो मेढ्याच्या स्टँडवर उभा असेल तरी कुणीतरी म्हणेल, 'तो बघ, ज्याच्यामुळे हरले तो.'

चौथी तक्रार मंडळाची, आणि ती थोडक्यात. आपण तिघांना बोलावून एकदा तरी विचारलंत का? त्यांचं म्हणणं लिहून घेतलंत का? आपण स्वतःला व्यावसायिक क्लब म्हणवता. मोठ्या खेळाडूंना सामन्यामागे मानधन देता, कोचना पगार देता, पालकांकडून फी घेता. मग सामन्यानंतर गोल कसा झाला हे पाहणारी बैठक का होत नाही? हरल्याची बैठक तेवढी होते. खाशाबांबद्दल एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हेलसिंकीत एक कुस्ती झाल्यावर नियमानं मिळायला हवी ती विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं, आणि त्यांच्या बाजूनं नियम सांगायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. सत्तर वर्षं झाली, अजून चुटपूट लागते. खेळाडूच्या बाजूनं उभा राहायला कुणी नसणं म्हणजे काय हे ज्या जिल्ह्याला इतकं ठाऊक, तिथल्या मंडळानं तीन पोरांना असं एकटं सोडावं?

खेळाडूंचं काहीच चुकलं नाही, असं माझं म्हणणं नाही. उपांत्य सामन्यातल्या त्या पासच्या आधी कीपरनं एकदा मान वर केली असती तर त्याला उजवा बॅक मोकळा दिसला असता. मी त्याला तसं सांगितलं, कडक शब्दांत सांगितलं. स्टॉपर दोन सरावांना न सांगता आला नव्हता, तेही चूक. हाफचा स्टॅमिना शेवटी कमी पडतो. ह्या गोष्टींचा जाब त्यांना विचारावाच, आणि विचारायची जागा सराव आहे. काही चुका अशाही असतात ज्यांना कोच काहीच करू शकत नाही: पाय घसरला, उन्हात चेंडू दिसला नाही, क्षणभर मन दुसरीकडे गेलं. त्या चुकांसाठी मी कधी कुणा कोचला बोललो नाही, बोलणारही नाही. पण त्या पुन्हापुन्हा एकाच जागी होत नसतात.

आपल्या देशाच्या संघाकडेच बघा. १८ नोव्हेंबर २०२४ ला हैदराबादमध्ये मलेशियाविरुद्ध आपला कीपर गुरप्रीत सिंग संधू गोल सोडून पुढे आला, चेंडू चुकला आणि रिकाम्या गोलमध्ये गेला. राहुल भेकेच्या हेडरनं बरोबरी झाली म्हणून अब्रू वाचली. देशभर त्याला नावं ठेवली गेली, आता याचं संपलं म्हणाले. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुंबईच्या मैदानांत घडलेले खालिद जमील राष्ट्रीय कोच झाले. त्याच महिन्यात ताजिकिस्तानविरुद्ध २-१ विजय मिळाला, त्यात गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. पुढच्या महिन्यात ओमानविरुद्ध तिसऱ्या क्रमांकाचा सामना पेनल्टी शूटआउटवर गेला, तिथेही शेवटची त्यानंच अडवली. तेहतीस वर्षांच्या, देशासाठी इतके सामने खेळलेल्या कीपरला पुन्हा उभं राहायला संधी लागली. सतरा वर्षांच्या पोराला आपण एका कागदानं संपवायला निघालात.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो.

फलकावरचा तो कागद उतरवा. त्या जागी दुसरा लावा आणि त्यात 'अक्षम्य' हा शब्द मागे घेतल्याचं लिहा. नावं जाहीर लागली होती, तेव्हा दिलगिरीही जाहीरच हवी.

तिघांची बंदी रद्द करा. संघात घ्यायचं की नाही हे सरावातला खेळ बघून कोच ठरवतील, तो त्यांचा अधिकार आहे आणि मला त्यात पडायचं नाही. पण सरावाचं दार बंद करण्याचा अधिकार कुणालाच नसावा.

मुख्य प्रशिक्षकांची मुदतवाढ तूर्त थांबवा. रद्द करा असं मी म्हणत नाही. आधी त्यांनी मंडळासमोर आणि खेळाडूंसमोर या हंगामातल्या तीन गोलांवर बोलावं: काय आखलं होतं, काय बिघडलं, दुसऱ्या गोलनंतर काय बदललं. माझी वही मी आणून देतो, आकृत्या तयार आहेत. ते ऐकून मग मुदतवाढीवर मतदान घ्या. सर 'माझं चुकलं' असं एकदा म्हणाले, तर त्यांच्या मुदतवाढीसाठी पहिला हात माझा वर असेल.

आठवड्यातला एक सराव मागून खेळ रचण्यासाठी राखून ठेवा आणि त्यात कोनांच्या जागी माणसं उभी करा. आमच्यासारखे दहा-बारा जुने खेळाडू आहेत. पळणं कमी झालंय, पण पाठीवर चिकटून उभं राहणं अजून जमतं. फुकट येऊ. कीपरला लांब मारायची मुभा केव्हा, हे कागदावर लिहून द्या. आणि डाव्या बॉक्सजवळचा तो चर बुजवा. एक ट्रॉली माती आणि रोलर, एवढाच खर्च आहे, तो मी करतो.

इथून पुढे कोणत्याही खेळाडूवर कारवाई करायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून लेखी नोंद करा. खेळाडू अठरा वर्षांच्या आतला असेल तर त्याच्या आईवडिलांना बोलावून, चहा देऊन, समोर बसवून बोला.

मंडळाची पुढची बैठक रविवारी आहे असं कळलं. मला बोलावणं नसलं तरी मी बाहेर बसेन. कीपरला मी हे पत्र दाखवलेलं नाही. काल संध्याकाळी त्याचा फोन आला होता, क्लबचा विषय त्यानं काढला नाही. एवढंच विचारलं, 'सर, शाळेची मागची भिंत अजून आहे का?' आहे म्हटलं. आज पहाटेपासून तो तिथे चेंडू मारतोय, डाव्या पायानं, लांब.

आपला,
क्लबचा एक जुना स्टॉपर
सातारा